हवा बरोबर नाही

बापूसाहेबांच्या तोंडून 'वास' हा शब्द मी कधीच ऐकला नाही. त्यांनी तो वर्ज्य केला होता. गटार तुंबलं तरी ते म्हणत, "हवा बरोबर नाही." शेजारी कोणी सुकट भाजली तरी हवा बरोबर नाही. ज्या माणसाजवळ बसायचं नसे त्याच्याजवळचीही हवा बरोबर नसे. एवढं बोलून ते खिशातला पांढरा रुमाल काढत, त्याची नीट चौघडी करत, नाकाशी धरत आणि समोरच्याकडे इतक्या प्रेमानं बघत, की रुमाल आपल्यामुळे निघाला हे त्या बिचाऱ्याला घरी गेल्यावर कळे.

ते वारले तेव्हा गावातल्या पेपरांनी त्यांना समतेचा उपासक म्हटलं. शोकसभेत एका वक्त्यानं त्यांच्या भाषणांतली वाक्यं पाठ म्हणून दाखवली. वाक्यं चांगली होती. ती माझी होती. बापूसाहेबांचा कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत संत्र्याचं सरबत बाटल्यांत भरायचा कारखाना होता. मी तिथे कारकून होतो, आणि बरं मराठी लिहितो म्हणून त्यांची भाषणंही लिहून देत असे. म्हणजे मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचा माझा वाटा मी तो जिवंत असतानाच उचललेला आहे. आता उरलेलं सांगतो.

मी नागपूरच्या महालातला, जुन्या घरंदाज वस्तीतला. वडील कचेरीत कारकून, पण जीव सगळा पत्रकं वाटण्यात. आमच्या घरी पुस्तकं थोडी आणि पत्रकं पोत्यानं. मी अक्षरं जोडायला शिकलो तो 'बंधूंनो आणि भगिनींनो'वर. त्यामुळे माझं एक वाईट झालं : छापलेलं वाक्य खरं असतं आणि ते बोलणाऱ्यानं तसंच वागायचं असतं, असं मला फार उशिरापर्यंत वाटत राहिलं. बापूसाहेबही महालातलेच. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत नागपूरला आले हे ते स्वतः सांगत नसत, पण दुसरा कोणी सांगू लागला की थांबवतही नसत.

उंच, गोरे, खादीत. कानात वाळ्याच्या अत्तराचा फाया. गड्यामाणसांनाही 'अहो-जाहो'. संत्रं खायचं तर फोडीवरचा एकेक पांढरा धागा सोलून, जणू फळाची चौकशी चालली आहे. भाषणात 'आपण सगळे एक' हे वाक्य आलं की दोन्ही हात पसरत. ते हात पसरलेले मी पुष्कळदा पाहिले. त्या हातांत कोणी आलेलं एकदाही पाहिलं नाही.

"मी कुणाच्याही घरचं पाणी पितो," हे त्यांचं आणखी एक वाक्य. हे मी लिहिलेलं नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं होतं आणि ते फार टाळ्या घेई.

त्यांचा ड्रायव्हर शालिक नंदनवनला राहायचा. त्याच्या आईबापांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा तो बापाच्या खांद्यावर होता. ठेंगणा, रुंद छातीचा, हसताना डोळे मिटणारा माणूस. गाडी इतकी हळुवार चालवायचा की मागे बसून मी भाषणं लिहीत असे आणि अक्षर हलत नसे. एका बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या कार्यक्रमाला त्यानं बापूसाहेबांना बोलावलं. बापूसाहेब आले, बोलले, हात पसरले. मग शालिकच्या बायकोनं, कौसल्याबाईनं, घासून लख्ख केलेला पितळी पेला भरून आणला. बापूसाहेबांनी तो उंच धरला. "मी कुणाच्याही घरचं पाणी पितो," म्हणाले. टाळ्या झाल्या. पेला ओठांना लागला, मान मागे झाली, गळ्याची घाटी वरखाली झाली. पेला ताटलीत परत आला. पुन्हा टाळ्या.

गाडी निघायच्या आधी मी चपला शोधत होतो तेव्हा आतून कौसल्याबाईचा आवाज ऐकू आला. ती शेजारणीला दाखवत होती.

"पाय वं. भरला पेला गेला न् भरलाच वापस आला."

"जाऊ दे वं. मोठ्या मान्साची तहान लहान रायते."

दोघी हसल्या. शालिकनं ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. तो गाडीची काच पुसत होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बापूसाहेबांनी अ‍ॅम्बेसेडरला एसी बसवून घेतला. मुंबईहून काळी पेटी आली आणि डॅशबोर्डाखाली बसली. तेव्हा आमच्या गावात असल्या गाड्या फार नव्हत्या. सिग्नलला लोक वाकून बघायचे की मे महिन्यात हा माणूस काचा लावून आत मेला कसा नाही. बापूसाहेब काचेआडून मान हलवायचे. पण त्यांचं समाधान होत नव्हतं. हवा गार होती, पण ती त्यांच्या ओळखीची नव्हती. नागपूरच्या माणसाला गारवा म्हणजे कूलर आणि कूलर म्हणजे वाळा. ओल्या वाळ्यातून आल्याशिवाय त्याला हवा थंड वाटतच नाही. "मुंबईच्या लोकांना काय कळतं? नुसता गारवा म्हणजे बिनमिठाचं वरण," असं म्हणून बापूसाहेबांनी एक पिशवी शिवून घेतली. पत्नीच्या जुन्या साडीचा जांभळा इरकली काठ होता, त्याची. तिच्यात वाळा ठासला, आणि पेटी ज्या खालच्या जाळीतून हवा ओढून घेते तिच्यात ती कोंबून बसवली. रोज सकाळी ते स्वतः खाली येत, तांब्यानं पिशवी भिजवत, वर दोन थेंब अत्तर सोडत. हे काम त्यांनी दुसऱ्यावर कधी सोपवलं नाही.

"ह्याला कुणाचा हात लागायचा नाही," त्यांनी शालिकला पहिल्याच दिवशी बजावलं. "आपण बाहेरून गाडी धुवा."

"जी," शालिक म्हणाला.

पंधरवडाभर गाडीत देवघरासारखा सुगंध होता. मग एक दिवस कळमेश्वरच्या वाटेवर बापूसाहेबांनी रुमाल काढला.

"शालिकराव, आज हवा बरोबर नाही."

शालिकनं काचेबाहेर पाहिलं. "लू हाय जी, बापूसाहेब. लय तपून राहिलं बाहेर."

मी हसलो. बापूसाहेब हसले नाहीत. पण मलाही ते आलं होतं. कोपऱ्यात ओलं पोतं विसरून राहावं तसं काहीतरी, आंबूस, कुबट. गाडी सुरू झाली की एक झोत यायचा, मग कमी व्हायचं, मग पुन्हा.

दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली. चौकशी अत्यंत सभ्य होती.

"शालिकराव, आंघोळ पहाटे होते ना आपली?"

"दोन टाइम करतो जी. उन्हाळाच तसा हाय."

"आणि जेवणात काय घेता?"

"भाकर, भाजी. तुमी घेता तेच."

"तसं नव्हे. सुकट वगैरे?"

"आयतवारी असते."

"हं," बापूसाहेब म्हणाले. त्या दिवशी सोमवार होता. त्यांनी पुढे काही म्हटलं नाही. माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाले. मग संध्याकाळी उतरताना तोंडानंही म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना मला काय म्हणायचंय ते? तुम्ही आपल्या महालातले."

"नाही कळलं," मी म्हणालो.

"कळेल," ते म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थोपटलं.

शालिकचा डबा गाडीतून गेला. तो कारखान्याच्या चौकीत ठेवायचा हुकूम झाला. मग त्याचा खाकी सदरा गेला, पांढरा आला, रोज धुतलेला हवा. शालिक सगळं करत होता. त्याला गाडी आवडायची, आणि कारखान्याच्या कायम कामगारांत नाव घालण्याचा शब्द बापूसाहेबांनी त्याला दिला होता.

मग साबण आला. कारखान्याच्या फाटकात कामगारांचा मेळावा होता. भाषण मीच लिहिलं होतं, श्रमाच्या घामाला सुगंध असतो अशा अर्थाचं एक वाक्य त्यात होतं. ते वाक्य आलं आणि बापूसाहेबांनी एकदम शालिकला पुढे बोलावलं. खिशातून चंदनाच्या साबणाची वडी काढली. "आमच्या शालिकरावांना माझ्याकडून ही छोटीशी भेट." दोन्ही हातांनी दिली. नमस्कारही केला. लोकांना क्षणभर कळेना टाळ्या वाजवायच्या की काय करायचं. मग मागून कोणी तरी हसलं, आणि हसू ओळीओळीनं पुढे आलं.

शालिक ती वडी हातात धरून उभा राहिला. खिशात घालावी की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

त्या संध्याकाळपासून त्याचं नाव चंदन पडलं. "काय गा चंदन, आला का?" चौकीवाला म्हणायचा. बाटल्या धुणाऱ्या बाया त्याच्या पुढून जाताना नाकाला पदर लावायच्या, हसत, वाईट मनानं नव्हे. नाव बसनं कळमेश्वरहून नंदनवनला पोचलं. त्याची मुलगी शाळेतून रडत आली, कोणी तिला चंदनची पोरगी म्हटलं म्हणून. कौसल्याबाई वडी चुलीत टाकायला निघाली होती. शालिकनं टाकू दिली नाही. वापरलीही नाही. कागदासकट ती कोनाड्यात राहिली.

वास मात्र वाढत चालला. मी एकदा म्हणालो, "पेटीतून येत असेल. मिस्त्रीला दाखवावं." बापूसाहेब म्हणाले, "पेटीत रोज मी अत्तर घालतो." हा त्यांचा पुरावा होता. ज्या जागी आपला हात रोज फिरतो ती जागा घाण असूच शकत नाही.

तरी पुरावा हवा म्हणून त्यांनी पुढची सीट आणि मागची सीट यांच्यामध्ये जाड प्लास्टिकचा पडदा लावून घेतला, खालपासून छतापर्यंत, चारी बाजूंनी खिळवून. आता विनोद असा, की एसीची पेटी पुढे. सगळा गारवा पडद्याच्या पलीकडे, शालिककडे. आम्ही मागे, काचा बंद, मे महिना. नरखेडच्या बाजूच्या गावांना संत्र्याच्या बागा बघायला चाललो होतो. पडदा वाऱ्यानं फुगून आमच्या गुडघ्यांना लागत होता. बापूसाहेबांच्या गांधीटोपीतून घाम कानात उतरत होता. पलीकडे शालिक गळ्याला मफलर गुंडाळून गाडी चालवत होता.

"पण बघा," बापूसाहेब धापा टाकत म्हणाले, आणि त्यांनी रुमाल बाजूला करून श्वास घेतला. "आहे का काही? नाही. हवा एकदम बरोबर आहे."

"पडद्यानं पेटीही पलीकडे गेली," मी म्हणालो.

"तुम्ही लेखक मंडळी वाद फार घालता," ते म्हणाले. "सिद्ध झालं."

पडदा त्यांना सोसला नाही. तो काढला, आणि पडद्याबरोबर शालिकलाही काढलं. त्याही वेळी अत्यंत सभ्य. "शालिकराव, आपल्यासारख्या अनुभवी माणसाला मोठी गाडी मिळायला हवी. ट्रक वगैरे."

नवा ड्रायव्हर विनायक. बापूसाहेबांच्या लांबच्या नात्यातला, कपाळाला गंध. पहिल्या सकाळी गाडी सुरू झाली, आणि पहिला झोत आला. पूर्वीपेक्षा जास्त. मी बापूसाहेबांकडे पाहत राहिलो. हे तोंड आता काय करतं ते मला बघायचं होतं. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. रुमाल काढला.

"मुरलंय," ते म्हणाले. "गादीत मुरलंय. माणूस जातो, पण…"

गाडीच्या गाद्या बदलल्या. खालचं पायपुसणं जाळलं. आतून गोमूत्र शिंपडलं. हेच बापूसाहेब त्या आठवड्यात माणसाला शिवण्यानं कोणी बाटत नाही यावर बोलले, आणि फार छान बोलले.

शेवटी पेटीतून पाणी विनायकच्या पायांवर गळू लागलं, तेव्हा नाइलाजानं मोमिनपुऱ्यातल्या मिस्त्रीला बोलावलं. वाड्याच्या अंगणात त्यानं पेटी सोडवली, जमिनीवर ठेवली, उघडली, आणि तोंड फिरवलं.

"साब, ये घास किसने ठूसी इसमें?"

जांभळा काठ काळा पडला होता, पण ओळखू येत होता. पिशवी कुजून फाटली होती. वाळ्याच्या काड्यांनी पाणी जायची नळी बुजून गेली होती, आणि तळाशी काळं, बुळबुळीत, महिन्याभराचं पाणी साठलं होतं. वर अत्तराचा तेलकट तवंग. अंगणात उभं राहवेना. विनायक तुळशीपाशी जाऊन ओकला.

बापूसाहेब कठड्याशी उभे होते. त्यांनी काठ ओळखला. मी ते पाहिलं. मग ते म्हणाले, "वाळा बरोबर नव्हता. बाजारात आता पूर्वीसारखा मालच येत नाही."

"शालिकभाऊंना निरोप देऊ?" मी विचारलं.

"आता कशाला? त्यांना उगीच वाईट वाटेल."

मी त्याच संध्याकाळी नंदनवनला गेलो. खिशात पत्रकाचा मजकूर तयार होता. 'वास कोणाचा?' असं मथळ्यात, खाली सगळी हकीकत. माझ्या वडिलांनी तो वाचून स्वल्पविराम सुधारले होते. शालिकनं तो ऐकून घेतला, शेवटपर्यंत.

"चांगलं लिवलं," तो म्हणाला. "पण छापू नोका जी."

"काहून?" कौसल्याबाई चुलीपासून म्हणाली. "छापू द्या. गावाले कळू द्या."

"गावाले काय कळन? लोकं वाचतीन न् म्हणतीन, चंदननंच छापून आणलं. नाव ज्याच्या तोंडानं पडलं त्याच्याच तोंडानं निंगलं पायजे. मले नोकरी नोको. मले त्याच्या तोंडचं येक वाक्य पायजे. फाटकावर. चार लोकाईत."

दुसऱ्या दिवशी तो कारखान्याच्या फाटकात उभा राहिला. गाडी आली, थांबली, काच दोन बोटं खाली झाली.

"बापूसाहेब, पेटीत काय सापडलं ते मले समजलं," शालिक म्हणाला. "तुमी आता सांगा याईले. वास माहा नोता म्हणून."

बापूसाहेबांनी काच आणखी थोडी खाली केली. चेहरा दुखावलेला होता.

"शालिकराव, मी कधी काही म्हटलं का आपल्याला? आठवून सांगा. असा कोणता शब्द मी उच्चारला?"

शालिक आठवू लागला. मीही आठवू लागलो. चौकीवालाही. आणि आमच्यापैकी कोणालाच काही सापडेना. कारण त्यांनी खरोखरच कधी काही म्हटलं नव्हतं. हवा म्हटलं होतं. बाकीचं सगळं आम्ही म्हटलं होतं, हसणाऱ्यांनी, नाव ठेवणाऱ्यांनी. ह्या माणसानं तो एक शब्द आयुष्यभर का टाळला हे मला तेव्हा कळलं. ती नाजूकपणाची सवय आहे, असं आम्ही समजत होतो. ती पळवाट होती. जे बोललंच नाही ते परत कसं घेणार?

काच वर गेली. गाडी आत गेली.

मी नोकरी लगेच सोडली नाही. भाषणं लिहायची तेवढी बंद केली. बापूसाहेब जुनीच फिरवून म्हणू लागले आणि कोणाला फरक कळला नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षी, मार्चअखेर मृगाच्या बहाराची तोडणी संपत आली होती तेव्हा. नरखेडकडून येत होतो. भर दुपारी गाडी रस्त्यात मेली. विनायकनं बॉनेट उघडलं आणि नुसताच बघत राहिला. एसटी गेली ती थांबली नाही. झाड जवळ नव्हतं. मग धुळीतून एक टेम्पो आला. मागे संत्र्याच्या पेट्या, आणि पेट्यांवर बागेत तोडणीला आलेल्या बाया. टेम्पो थांबला. स्टिअरिंगवर शालिक.

तो खाली उतरला. बॉनेटमध्ये डोकावला. "इथं नाही होत हे. ओढून न्या लागते," म्हणाला. मग बापूसाहेबांकडे वळला. "बसा जी समोर. नागपूरले सोडून देतो."

बापूसाहेब दोन पावलं पुढे आले. घामानं थबथबले होते, ओठ सुकले होते. तेवढ्यात वरून एक बाई ओरडली, "काय गा चंदनभाऊ, काहून थांबला? ऊन लागून राहिलं." तिला त्या नावामागचं काही माहीत नसावं. तिला वाटत असेल ते आईनं ठेवलेलं नाव आहे.

शालिकनं वर पाहिलं, मग बापूसाहेबांकडे.

"येक काम करा जी फक्त. ह्या बायाईले सांगा. गाडीतला वास शालिकचा नोता म्हणून. येवढंच. मंग बसा."

बाया पेट्यांवरून खाली वाकल्या. बापूसाहेबांनी घसा साफ केला. मला वाटलं, बोलतात. उन्हानं माणूस बोलता होतो.

"तसं आहे, त्या वेळी गाडीतली हवा…"

"हवा नाही जी," शालिक शांतपणे म्हणाला. "वास म्हणा."

बापूसाहेबांनी रुमाल काढला. तो घामानं ओला होता, तरी त्याची चौघडी केली. नाकाशी धरला. उघड्या माळावर, चारी बाजूंनी वारा सुटलेला असताना.

"आपण निघा, शालिकराव," ते म्हणाले. "ह्या मंडळींना उशीर होईल."

आणि ते वळून आपल्या गाडीपर्यंत चालत गेले, मागचं दार उघडलं, आत बसले.

शालिक टेम्पोकडे वळला. मग सीटखालून पाण्याचा कॅन काढला, पितळी पेला भरला आणि विनायकच्या हातात दिला. "त्याईले दे," म्हणाला. मी टेम्पोच्या मागच्या बाजूनं पेट्यांवर चढलो. बायांनी सरकून जागा दिली.

टेम्पो निघाला तेव्हा मी मागे पाहिलं. विनायक भरला पेला घेऊन गाडीपाशी उभा होता आणि बोटानं काचेवर टकटक करत होता. इंजिन बंद, एसी बंद, डोक्यावर ऊन. आणि आतून काच वर चढत होती, हँडलच्या एकेक फेऱ्यानं, पूर्ण मिटेपर्यंत.